जळालेली मिशी

१९८९ साली थोरलीने बॅग भरून दाराआड ठेवली आणि मुलाला फोन केला. "शनिवारी सिनेमा बघते, मग कळवते."

कळवायचं होतं ते एवढंच: म्हातारपण नवऱ्याबरोबर काढायचं, की कायमचं मुलाकडे जायचं.

गावातलं थिएटर पाडणार होते. मालकाने शेवटचा खेळ म्हणून तीस वर्षांपूर्वीचा एक परदेशी सिनेमा मागवला होता. गोऱ्या लोकांनी काढलेली भारतातल्या राजेरजवाड्यांची साहसकथा. त्यातला पुठ्ठ्याचा राजवाडा याच गावाबाहेरच्या माळावर उभा राहिला होता. घोडे थोरलीच्या नवऱ्याने पुरवले होते. तो घोडेस्वारी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

शूटिंगच्या दिवसांत थोरली बाळंतपणाला आईकडे गेली होती. परत आली तर मास्तरांची झुपकेदार मिशी गायब.

"कंदिलाने जळाली," मास्तर म्हणाले.

मग माळ्यावरच्या ट्रंकेत तिला लाल घागरा सापडला. त्याखाली लांब गंगावन, आणि घागऱ्याच्या घडीत एक पैंजण. एकच.

"कंपनीचं सामान आहे," मास्तर म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

सिनेमा लागला तेव्हा आधी बाळाला ताप होता, मग तिकिटं संपली, मग सिनेमाच गेला. थोरलीने पुन्हा विचारलं नाही. पण संशय हा घरातल्या उंदरासारखा असतो. दिसला नाही तरी रात्री कुरतडतोच.

"लाल घागरा कुणाच्या अंगावर आहे तेवढं बघायचंय मला," तिने धाकट्या बहिणीला सांगितलं. धाकटीने लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून ती एकटी राहायची आणि शिवणाचे क्लास घ्यायची.

"ताई, या वयात जुनी मढी उकरून काय मिळणार?"

"मढं कुणाचं आहे ते तरी कळेल."

"मग मीपण येते," धाकटी म्हणाली. "तू एकटी नको जाऊस."

मास्तर आले नाहीत. गुडघे दुखत होते. "आहे काय त्यात? हत्तीला रंग फासलाय आणि वाघ गुंगीत आहे."

"मला हत्ती बघायचाच नाही," थोरली म्हणाली.

आपल्याला झोप लागली तर असू देत म्हणून मास्तरांनी घराच्या किल्ल्या दिल्या, नेहमीसारख्या रुमालात बांधून, वर उलटी घट्ट गाठ मारून. तबेल्यातली सवय. खुळखुळ ऐकली की घोडा बिथरतो, म्हणून वाजणारी कुठलीही वस्तू ते अशीच बांधत. ती गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. थोरलीला तर ती सोडवतानाही दात लावावे लागत.

थिएटरात जेमतेम अर्ध्या खुर्च्या भरल्या होत्या. पडद्यावर साधू आला, त्याच्या छाटीला कडक इस्त्री. राजाच्या दरबारात कुंडीतली ताडाची झाडं. लोक खदखदून हसत होते. थोरली हसली नाही.

मग पन्नासेक बायका नाचत आल्या. सगळ्या हिरव्यात, पायांत पैंजणं.

"ती बघ मी, खांबाआड!" धाकटी कुजबुजली. तेव्हा रोज चांगला मिळतो म्हणून तिने ते काम धरलं होतं. "काय ग कंबर होती माझी!"

"गप बस. लाल कुठाय?"

लाल आली. सिनेमाची नायिका, तोंडाला तपकिरी रंग लावलेली गोरी नटी. थोरलीने खुर्चीचा हात घट्ट धरला. म्हणजे ही! घोड्यांच्या लिदीत वावरणारा माणूस, आणि त्याने हात मारला तो थेट राणीवर!

नायिकेमागे शिपाई लागले. ती गच्चीवर चढली. तोंडावर ओढणी घेऊन तिने खाली उडी टाकली ती थेट धावत्या घोड्याच्या पाठीवर. पडदाभर तिचं पाऊल दिसलं. उघडं, मोकळं पाऊल रिकिबीत शिरलं. अंगठा चेचून बाहेरच्या बाजूला वाकलेला होता.

थोरली ताडकन उभी राहिली.

"खाली बसा की आजी!" मागून कुणीतरी ओरडलं.

त्या अंगठ्याला तिने कितीदा तेल चोळलं होतं. घोड्याच्या टापेखाली सापडलेला अंगठा तो.

"अग, हे तर आमचे हे!"

धाकटीही हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नटीला कुठली जमायला असली उडी? भावोजींनाच नेसवला घागरा! म्हणून तर मिशी गेली. लाजेने बोलले नाहीत बिचारे. आणि तू तीस वर्षं…"

"आणि पैंजण?"

"सोंग म्हटलं की सगळंच आलं, ताई."

थोरली घरी आली. मास्तर अंधारातच बसले होते.

"बघितला?"

"बघितला. मिशी कशी जळाली ते कळलं."

मास्तरांनी मान खाली घातली. "आणखी काय दिसलं?"

"आणखी काय दिसायचंय, राणीसाहेब?"

मास्तरांनी मोठा श्वास सोडला आणि दिवा लावला. थोरलीने बॅग रिकामी केली.

थिएटरच्या जागी पुढे फर्निचरचं दुकान झालं. मुलगा परदेशी स्थायिक झाला. मास्तर आणखी अकरा वर्षं जगले, आणि थोरलीच्या मते तीच त्यांच्या संसाराची चांगली वर्षं. जमलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती घागऱ्याची गोष्ट सांगायची, मास्तर लाजायचे, धाकटी सर्वांत मोठ्याने हसायची. मास्तर गेले तेव्हा धाकटीने दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही. थोरलीलाच तिची समजूत काढावी लागली. गेल्या वर्षी धाकटीही गेली. तिची खोली आवरायला थोरलीच गेली. कपाटाच्या तळाशी एक मर्दानी रुमाल होता, वर उलटी घट्ट गाठ. थोरलीने दात लावून ती सोडवली. आत दुसरं पैंजण होतं.