बारा महिन्यांची पानं

दोरीवर छत्तीस पिशव्या वाळत होत्या. स्वच्छ धुतलेल्या आणि रिकाम्या. दाक्षायणी गच्चीच्या दारातच थबकली. पिशव्यांवर तिनं शाईनं घातलेले महिने आणि आकडे पार निघून गेले होते.

पानं चटईवर होती. छत्तीसच्या छत्तीस पिशव्यांतली पानं, पंच्याहत्तर सालच्या मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात, एकत्र पसरलेली.

"लई बुरशीचा वास मारत हुता बग," चंद्रव्वा म्हणाल्या. लेकीचं निम्मं काम उरकून दिल्याच्या समाधानात त्या पानांतल्या काड्या निवडत बसल्या होत्या. "दोन येळा साबण लावला. पानं बी कशी कडकडीत वाळल्यात."

दाक्षायणीच्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर ती घाटमाथ्यावरच्या सदाहरित जंगलात, संशोधन केंद्राच्या गळक्या खोलीत राहिली होती. तीन ठिकाणी झाडांखाली जाळ्या बांधायच्या, दर महिन्याला प्रत्येक ठिकाणची पडलेली पानं वेगळ्या पिशवीत भरायची, अंगावरच्या जळवा ओढून काढायच्या. त्या पावसात काहीच धड वाळत नाही, म्हणून चुलीच्या धगीवर कशीबशी टिकवून तिनं ती इथं आणली होती. आता वाळवून वजनं घ्यायची, कुठल्या महिन्यात जंगल किती पानं टाकतं ते मांडायचं, की प्रबंध पुरा झाला असता. एका साबणाच्या वडीनं सगळ्याची माती केली.

"अव्वा, यातलं श्रावणातलं पान कुठलं आणि फाल्गुनातलं कुठलं?"

चंद्रव्वांनी दोन पानं उचलून उलटीसुलटी केली. "आता ते कसं कळंल?"

"सांग की. मला तरी कसं कळणार?"

चंद्रव्वांच्या हातातली पानं तशीच राहिली. "चुकलं बाई माजं. लगीन पंदरा दिसांवर आलं, वाटलं तुजा भार हलका करावा."

"लग्न यंदा नाही. पाऊस लागायच्या आत मी परत चालले. पुन्हा बारा महिने."

"आन् तुज्या अप्पांना कोण सांगनार? खाली मांडववाला बसलाय."

"जिनं पानं एक केली, तिनं सांगावं."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते लागलं. पण राग इतका होता की शब्द मागं घ्यावासा वाटला नाही. ती दोरीवरच्या पिशव्या हिसडून काढायला लागली.

चंद्रव्वा गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदर कमरेला खोचून जिना उतरू लागल्या. खालून अप्पांचं मांडववाल्याशी चाललेलं हसणं वर ऐकू येत होतं.

मग ते थांबलं.