दीड बोट

“सही केलीस?” आजीने न्हाणीघराच्या दारातून विचारलं.

“करते,” भिंगरीची आई म्हणाली.

फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. मुलींची निवासी शाळा, सहा तासांवर. भेट महिन्यातून एकदा. दहाला गाडी यायची होती आणि भिंगरीला सोडायला आजी जातीने जाणार होती. भिंगरीचे बाबा सकाळच्या पाळीला गेले होते. निघताना म्हणाले, “आई म्हणतेय ना, मग करून टाक.” या माणसाने लग्नापासून दुसरं वाक्य फारसं वापरलेलं नाही.

भिंगरी नऊ वर्षांची. डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड. चालली की एक पाऊल जोरात पडायचं, दुसरं हलकं. थाड-टुक, थाड-टुक. घरात ती कुठे आहे हे पाठमोऱ्या माणसालाही कळायचं. नाव ठेवलं ते पायाचं लक्षात यायच्या आधी, आणि मग तेच राहिलं.

आई लोकांचे कपडे शिवायची. भिंगरीची प्रत्येक विजार ती डाव्या पायाला दीड बोट जास्त दुमडून शिवायची. अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या मशीनखालून जायचे, फक्त आजीचे सोडून. “घरच्या शिवणीला फिटिंग नसतं,” म्हणत आजी आपले कपडे लांब बाजारातल्या शिंप्याकडे टाकायची. आता सुनेच्या तोंडावर असं कुणी बोलतं का? पण आजी बोलायची, आणि सुनेला ते फार झोंबायचं.

आजी निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ फूटपट्टीसारखी ताठ. घरात सगळे अनवाणी, आजी मात्र घोट्यापर्यंतच्या काळ्या बुटांत; फरशीचा गारवा सोसत नाही म्हणे. आजी झोपेतही बूट काढत नाही, अशी घरात थट्टा होती. भिंगरीला मात्र उठताबसता एकच ऐकावं लागायचं, “सरळ चाल!”

“आमच्या घराण्यात असं कधी कुणाचं नव्हतं,” आजी म्हणाली. “तरी मी बोलले का कुणाला? नऊ वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलेय.”

“नाही बोललात.”

भिंगरी पोटात असताना, सातव्या महिन्यात आई जिन्यावरून घसरली होती. घरी तेव्हा दोघीच. आजीनेच हात देऊन उठवलं आणि सांगितलं, हे आपल्या दोघींतच राहू दे. पुढे भिंगरीचा पाय दिसला आणि आई काय ते समजली. त्या दिवसापासून सासूपुढे तिची मान वर झाली नाही. लेकीला नजरेआड करायचं तिच्या मनात नव्हतं. पण आपल्याच हातून झालेलं, कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

“तिथे पायावर उपचार होतात. इथे पोरं चिडवून जीव नकोसा करतात,” आजी म्हणाली. “आटप. मी अंघोळ उरकते.”

आत जाऊन तिने बूट काढले, फक्त हात बाहेर काढून ते दारापाशी स्टुलावर ठेवले आणि दार लावून घेतलं.

“आई,” भिंगरी बॅगेपाशी बसून म्हणाली, “आजीला यायला जमलंच नाही तर मला कोण नेणार?”

“कोण नेणार? कुणीच नाही.”

“मग मी इथेच?”

“भिंगरे, डोकं खाऊ नकोस. बॅग भर.”

भिंगरी बॅग सोडून रांगत बोळाकडे गेली. आईने फॉर्म पुढे ओढला. सहीच्या वर एक रकाना होता. व्यंगाचे कारण: आनुवंशिक, अपघात, अज्ञात. एकावर खूण करा. अक्षरं तिला धड दिसेनात. तिने पदराने डोळे पुसले आणि पेन ‘अपघात’वर टेकवलं.

न्हाणीघराची कडी वाजली. मग बोळातून पावलं आली, घाईघाईची. थाड-टुक, थाड-टुक.

“पळू नकोस गं भिंगरे,” मान वर न करता आई म्हणाली. “फरशी ओली आहे.”

“मी कुठे पळतेय?” टेबलाखालून भिंगरी म्हणाली. आजीचे दोन्ही बूट तिने पोटाशी घट्ट धरले होते.