सूप सत्तरला हवं

"एकसष्ट!"

हेमंतरावांनी सूपवर रोखलेलं पिस्तुलासारखं नवंकोरं थर्मामीटर खाली घेतलं. "सूप सत्तरला हवं. घेऊन जा परत."

वेटर वाटी घेऊन गेला आणि वृंदाताईंच्या ओठांवर आलेलं वाक्य आतच राहिलं. त्या आज दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. नवऱ्याला हे निवांत सांगता यावं, म्हणून तर त्यांनी हट्टानं बाहेर जेवायचं ठरवलं होतं.

"अहो, ऐका ना..."

"थांब गं, डाळ आली." थर्मामीटरचा तांबडा ठिपका डाळीवर स्थिरावला.

"अठ्ठेचाळीस! हिला गरम म्हणतात? उचला."

"राहू द्या हो, मला भूक लागलीय."

"तुला नाही कळायचं. यंत्र कधी खोटं बोलत नाही."

टेबल पुन्हा रिकामं झालं. हेमंतराव यंत्राची काच रुमालानं पुसू लागले. एवढ्या मायेनं त्यांनी स्वतःचा चष्माही कधी पुसला नव्हता.

वेटर घुटमळला. "मॅडम, तुमच्यासाठी तरी काही आणू?"

"मी आज मुख्याध्यापिका झाले," वृंदाताईंनी शेवटी त्यालाच सांगून टाकलं.

"अरे वा! मग आधी तोंड गोड करा." तो लगबगीनं श्रीखंडाची वाटी घेऊन आला. वृंदाताईंनी पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना खरोखर आनंद झाला.

डोळे उघडले, तर वाटीत तांबडा ठिपका.

"सहा!" हेमंतराव कडाडले. "अहो वेटर, हे तर पार गार आहे!"