दोनपर्यंत

“मशीन बिघडलंय म्हणून सांगा,” मॅनेजर काउंटरमागून कुजबुजले. “हातानं मोजा. दोनदा मोजा.”

नोटा मोजायचं मशीन ठणठणीत होतं. कॅशियरबाईंनी मुकाट्यानं त्यावर कापड घातलं. बावीस वर्षांत या शाखेत त्यांच्याइतकं भराभर कुणी मोजलं नव्हतं. आज त्याच बोटांना लंगडायला शिकवायचं होतं.

सकाळी शेजारच्या गावातल्या एका बँकेचं शटर उघडलंच नाही. दहाला इथली रांग दारात होती, अकराला फुटपाथवर. टोकनं साठ वाटून झालेली, खणात पैसे जेमतेम तीस जणांपुरते. शाखेचे बाकीचे पैसे नदीपलीकडच्या बँकेत ठेवलेले. मॅनेजर तासभर तिथं फोन लावत होते. एंगेज.

त्रेचाळीस नंबरचं टोकन बाईंच्या आत्याचं. परवा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन. आयुष्यभराची शिल्लक काढून उद्या हॉस्पिटलात भरायची होती. ती रांग सोडून लंगडत खिडकीशी आली.

“काय गं, नोटा मोजतेस की कुरवाळतेस?”

रांग हसली. आत्यानं काचेच्या फटीशी तोंड नेलं. “खरं सांग. थांबू की जाऊ?”

बाईंनी केबिनकडे पाहिलं. रिसीव्हर कानाशी धरूनच मॅनेजरांनी दोन बोटं दाखवली.

“दोनपर्यंत पैशांची गाडी येतेय,” बाई म्हणाल्या. “तू घरी जा, आत्या. उद्या सकाळी ये.”

आत्या वळली. “ऐकलंत का हो? माझी सख्खी भाची सांगतेय. चला, उगाच पाय कशाला मोडायचे?”

मागची पाच-सहा माणसं निघाली. त्यांच्यामागून आणखी काही. देवा, बाईंनी मनात हात जोडले, खोटं नाही बोलले मी.

फोन वाजला. “अहो, मी तुम्हालाच लावत होतो!” मॅनेजरांचा आवाज मोठा झाला, आणि एकदम बसला. “आम्ही? ...बरं. बरं.”

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता.

“नदीपलीकडे त्यांच्या दारातही रांग आहे. त्यांनी आपल्याकडे ठेवलेले पैसे मागतायत. आपल्याच भरवशावर बसलेत.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

मॅनेजरांनी कपाळ पुसलं. “दोनपर्यंत पाठवतो म्हणालो.”

काचेपलीकडे आत्या दारापर्यंत पोचली होती. खणात अजून तिच्यापुरते पैसे होते. बाई अर्धवट उठल्या, हाक मारायला तोंड उघडलं. उरलेली सगळी रांग त्यांच्या तोंडाकडे पाहू लागली.

दारातून आत्यानं टोकन उंच धरून दाखवलं आणि ते पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलं.

बाई खाली बसल्या. बोट ओल्या स्पंजवर टेकवून त्यांनी मोजलेलीच गड्डी पुन्हा मोजायला घेतली.