धाकट्याची चाल

मेकन शहरातल्या वृद्धाश्रमात मी आमच्या सदर्न रॉक बँडची पन्नास वर्षांपूर्वीची रेकॉर्ड घेऊन गेलो. कव्हरवर ट्रकला टेकलेली, केस वाढवलेली पाच पोरं. त्यांत मी आणि थोरला भाऊ रॉयस. आईच्या ओसरीवर मी बांधलेली चाल त्यानं स्वतःच्या नावावर छापली, गाजला, आणि आमचं बोलणं संपलं. मरण्याआधी मला त्याच्या तोंडून कबुली हवी होती. पण वृद्धाश्रमातला रॉयस आता कोणालाच ओळखत नव्हता. तरी मी रेकॉर्ड लावली. गिटार सुरू होताच मांडीवरची त्याची बोटं हलू लागली. “कोणाची ही चाल?” मी विचारलं. “माझ्या धाकट्याची, लेलंडची,” तो हसला. “ढापली मी. हातात जादू होती पोराच्या.” मी पुढे वाकलो. “मग त्याला कधी सांगितलं नाहीस?” तो दचकला. माझं मनगट धरून म्हणाला, “तूही सांगू नकोस. डोक्यावर बसेल लेकाचा.”