पट्टेवाल्याची हजेरी

“चावी द्या,” सून म्हणाली.

“कशाला? घरात काय सोन्याची वीट ठेवलीय?” म्हातारा दवाखान्याच्या खाटेवरून गुरगुरला. हातात सलाइनची सुई होती, नाहीतर हातवारेही केले असते.

“माशाच्या टाकीत पाणी कोण घालणार?”

“कोणी नको. राहू दे.”

सुनेनं खुर्चीवर टाकलेल्या त्याच्या सदऱ्याच्या खिशातून चावी काढली आणि ती चालती झाली.

म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. उभा जन्म लोकांना वर-खाली करण्यात गेला, आता आपण एकाच मजल्यावर राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, आमच्याकडे चला. त्यावर म्हातारा बाजारात गेला आणि दोन बादल्या पाणी मावेल एवढी काचेची टाकी घेऊन आला. पाणी माशाला मानवेल असं व्हावं म्हणून दीड महिना त्यात नुसतं खारं पाणी आणि दगड सांभाळले. मग समुद्रातला एक मासा आणून सोडला. नारिंगी अंग, तीन पांढरे पट्टे.

“नोकरीत कधी पट्टेवाला मिळाला नाही, म्हणून आता घरात ठेवलाय,” जिन्यात भेटेल त्याला तो सांगायचा.

दुकानदारानं बजावलं होतं, “काका, मोठी टाकी चुका पोटात घालते. लहान टाकी सासूसारखी. एक चूक चालत नाही.”

मुलगा तर हसलाच. “हा महिनाभर टिकला तर मिशी काढीन.”

“मिशी ठेव, पैज लाव. हा मेला की त्या दिवशी मी तुझ्या घरी. तोवर मला हलवायचं नाव काढायचं नाही.”

त्याला चार वर्षं झाली.

पंच म्हणून सुनेला नेमलं होतं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बाटलीवर तारीख नसेल तर सख्ख्या भावाचं रक्त परत पाठवणारी बाई. दर रविवारी ती यायची, पाण्याचा खारेपणा मोजायची, मासा खातो का बघायची आणि वहीत लिहायची. म्हातारा तिला इन्स्पेक्टर म्हणायचा.

एकदा टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलेलं बघून मुलानं मोठ्या प्रेमानं एक जग भरून मीठपाणी ओतलं. म्हातारा किंचाळलाच. “अरे शहाण्या, पाणी उडतं, मीठ कुठं उडतं? वरून साधं पाणीच घालायचं!” इन्स्पेक्टरनं नवऱ्याची चूक लाल पेनानं नोंदवली आणि बाह्या सरसावून टाकीतलं पाणी बदलायला बसली.

“मरू दिला असतास तर आजच जिंकलो असतो,” नवरा पुटपुटला.

“मरायचंच असेल तर नियमानं मरू दे,” ती म्हणाली.

मागच्या रविवारची नोंद होती, मासा ठीक. सोमवारी सकाळी म्हातारा जिन्यात चक्कर येऊन बसला तो थेट दवाखान्यातच पोचला.

तिथं दहा दिवस काढले. या दहा दिवसांत तो नर्सशी भांडला, डॉक्टरांशी भांडला, शेजारच्या खाटेवर कोण घोरतं यावरून अख्ख्या वॉर्डाशी भांडला. माशाबद्दल मात्र एका शब्दानं विचारलं नाही. सून रोज लॅब सुटली की टाकीकडे जायची आणि मग दवाखान्यात यायची. तीही काही बोलली नाही.

घरी सोडलं त्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. “बाबा, खोली तयार आहे. खिडकीशी पलंग टाकलाय. आता तरी हट्ट...”

“चल. तुझ्याच घरी चल.”

मुलाच्या हातातली गाडीची किल्ली तशीच राहिली. “खरंच?”

“दमलो रे. चल म्हणतो ना.”

“गाडी आधी बाबांच्या घरी घे,” सून मागच्या सीटवरून म्हणाली.

“अगं, ते स्वतःहून यायला तयार आहेत!”

“पैज त्यांच्यावर लावलेली नाही, माशावर लावलीय. आधी हजेरी.”

“बघायचं काही नाही तिथं,” म्हातारा खिडकीबाहेर तोंड करून म्हणाला.

“आहे का नाही, ते पंच ठरवतो. तुम्ही गप्प बसा, बाबा.”

टाकीचा दिवा चालू होता. पंप घुमत होता. दगडामागून एक नारिंगी तोंड बाहेर आलं, मग एक पट्टा, मग दुसरा, तिसरा.

म्हातारा उंबऱ्यातच थांबला. चप्पल काढायची राहून गेली.

मुलानं काचेला नाक लावलं. “जरा बारीक झालाय का गं?”

“दहा दिवस घरात माणूस नाही. तू नसता झालास?” तिनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. “खारेपणा बरोबर. मासा जिवंत. बाबा इथंच राहणार. सही कर.”

“अगं, पण त्यांची तब्येत?”

“मी रोज येईन. रक्तही इथंच काढीन. चार वर्षं पैज मानलीस, आज म्हातारा आजारी पडला म्हणून मोडतोस? कर सही.”

त्यानं सही केली आणि पाय आपटत गाडीतलं सामान आणायला खाली गेला.

म्हातारा हळूहळू टाकीपाशी आला. “खातो का?”

“पहिले दोन दिवस बुजला होता. आता खातो.”

“आणि वहीत काय लिहिलंस, इन्स्पेक्टर?”

“मी खोटं लिहीत नाही, बाबा. मासा जिवंत आहे. बघा की.”

म्हातारा बघतच होता. त्या सोमवारी, चक्कर यायच्या आधी, उजाडता उजाडता त्यानं आपला पट्टेवाला जुन्या रुमालात गुंडाळून, स्वतःच्या हातानं, खाली झाडाच्या बुंध्याशी पुरला होता.