रिकामा रकाना

दापोड्याच्या गोदामांत राबणाऱ्या एकशेबारा बायकांचे सर्वेक्षणाचे फॉर्म धम्मदिनाने सॉफ्टवेअरमध्ये भरले होते, आणि ते मेलं एकाहत्तरच मोजत होतं. दुपारी प्रबंधाच्या गाइडना निकाल दाखवायचा होता. चौथ्यांदा तपासताना सापडलं. 'दिवसभरात आराम किती तास?' हा रकाना एक्केचाळीस जणींनी रिकामा सोडला होता. रकाना रिकामा दिसला की सॉफ्टवेअर अख्खी बाईच वगळत होतं. त्यांत तिची आईही होती.

"आई, एवढंच का नाही लिहिलंस?" ती वैतागून म्हणाली.

ड्युटीला निघण्याआधी भाकऱ्या थापणाऱ्या मंदाने मानही वर केली नाही.

"जो मिळतच न्हाय, तो काय लिहू?"

धम्मदिनाने एक्केचाळीस ठिकाणी शून्य टाकलं. तेव्हा कुठे सॉफ्टवेअरने तिच्या आईला मोजलं.